घोडीची सागरवेणी

माझा नवरा जिवंत आहे की मेला, हे ठरवायची वेळ माझ्यावर आली ती एका घोडीमुळे. हे सांगितलं की लोक हसतात. मलाही नंतर हसू आलं. पण त्या सकाळी दारात घोडी उभी, बँडवाले लिंबाखाली बिड्या ओढतायत, भाऊ हळदीच्या अंगानं घरात अडकलेला आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय, तेव्हा हसू कुठून येणार?

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडपासून थोडं आत. सत्याऐंशी सालचा वैशाख होता. माझ्या भावाचं, मगनचं, लग्न साक्रीकडच्या एका गावात ठरलं होतं आणि नवरीकडची माणसं टेम्पो घेऊन वऱ्हाड न्यायला येणार होती. त्याआधी नवरदेवानं घोडीवर बसून वेशीतल्या मारुतीला जायचं. या घोडीबद्दल आमच्या घराण्याची एक रीत आहे. तिच्या आयाळीची वेणी नवरदेवाच्या बहिणीनं घालायची. बहीण सख्खी हवी, एका आईची. वेणीची शेवटची गाठ बसेपर्यंत नवरदेवानं रिकिबीत पाय ठेवायचा नाही, आणि गाठ बसली की बहिणीला तिथंच साडी द्यायची. माझ्या वडिलांच्या लग्नात त्यांच्या बहिणीनं, म्हणजे ताईबाई फुईनं, वेणी घातली होती. त्यात मिळालेली साडी फुईनं अजून पेटीत ठेवलीय. नेसत नाही, पण दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेर काढून आम्हाला दाखवते.

मगनला बहीण एकच, मी. त्यामुळे प्रश्नच नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. लग्न ठरल्यापासून मी तयारीला लागले होते. म्हशीला आयाळ नसते म्हणून सुताच्या लडी खुंटीला बांधून त्यांच्यावर हात बसवला. घोडीला घालायची ती सागरवेणी. कानामागून सुरू करायची आणि मानेवरून चालत चालत खांद्यापर्यंत आणायची, दर पेडाला खालचे थोडे थोडे केस उचलत. शाळेत जाणाऱ्या पोरींना घालतो तीच, फक्त आडवी, आणि केसांत हळदीनं पिवळं केलेलं सूत गुंफायचं. माय म्हणायची, इतका जीव स्वतःच्या केसांना लावला असतास तर बरं झालं असतं. मी म्हणायचे, माझे केस बघायला कोण बसलंय?

आता नवऱ्याचं सांगते. त्याचं नाव अभिमन. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण जो घरात नाही त्याचं घ्यावं की नाही हे मला कुणी कधी नीट सांगितलं नाही, म्हणून मी घेते. अभिमन आग्रा रोडवर ट्रकवर क्लीनर होता. लग्नानंतर दोन-तीन वर्षं येऊन जाऊन होता. मग एका दिवाळीला आला नाही, पुढच्याही आला नाही. कुणीतरी खबर आणली की बिजासन घाटात ट्रक उलटून जळाला, ड्रायव्हर ओळखू आला, दुसरा माणूस ओळखू आला नाही. नंतर आमच्याच गावचा एक जण सांगत आला की देवासच्या स्टँडवर अभिमन दिसला, दाढी वाढलेली, हाक मारली तर वळून बघितलं आणि गर्दीत निघून गेला. सासरी माझ्या सासूबाईंना देवासचा माणूस पटला. माझ्या थोरल्या काकांना, रुपचंदनानांना, घाटातला पटला. वडील गेल्यापासून आमच्या घरात नानांचा शब्द चालतो.

आणि मला? खरं सांगायचं तर मला सकाळी तो जिवंत वाटायचा आणि संध्याकाळी मेलेला. माझं सगळंच अर्धं अर्धं चालायचं. सासरी गेले की ठसठशीत कुंकू, माहेरी आले की नुसतं गोंदण. गोंदण बरं असतं, ते लावावं लागत नाही आणि पुसताही येत नाही. मंगळसूत्र पोलक्याच्या आत. हळदीकुंकवाला काही घरांतून बोलावणं यायचं, काही घरांतून नाही, आणि ज्या घरातून यायचं त्या घरात माझ्यापाशी आल्यावर बाईचा हात कोयरीतच घुटमळायचा. लावू की नको? मीही कपाळ पुढं करू की नको, या विचारात तशीच बसायची. राग यायचा. पण तो नक्की कुणावर काढायचा, हेही ठरलेलं नव्हतं.

त्यातच चोपड्याकडून एक स्थळ आलं. निंबा नाव, केळीची बाग, बायको काविळीनं गेलेली, एक लहान मुलगी. आमच्यात पाट लागतो, बाई दुसऱ्यांदा नांदायला जाते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त आधीचा नवरा एक तर मेलेला हवा, नाहीतर त्यानं सोडचिठ्ठी दिलेली हवी. नाना निंबाला म्हणाले की मेलेलाच आहे, फक्त आमच्या सुमनच्या मनाचं पक्कं होत नाही. निंबा मला बघायला आला तेव्हा मी चहा दिला. त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर जास्त पडी गई." पहिल्यांदा घरात आलेला पाहुणा असं बोलतो? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण नंतर दोन दिवस तेच आठवत राहिलं. इतक्या वर्षांत माझ्याशी एवढं सरळ वाक्य कुणी बोललं नव्हतं. मगनच्या लग्नाला नानांनी त्यालाही आमंत्रण धाडलं, आणि तो आला.

त्या सकाळी झुलाल घोडी घेऊन आला. झुलाल सोनगीरचा, आसपासच्या सगळ्या गावांतले नवरदेव त्याच्याच घोडीवर बसतात. घोडीला तो पांढरी म्हणतो, पण पोटाखाली ती पिवळट आहे. गळ्यात पितळी घुंगरांचा पट्टा, आणि डोळे असे की सगळी लग्नं बघून कंटाळलेले. मी कासोटा खोचून पुढं झाले. आधी खरारा फिरवला, मग लाकडी फणीनं टोकाकडून वर असा गुंता सोडवत गेले. आयाळ चांगली दाट होती, पण गोखरूचे काटे अडकलेले. एकेक काटा बोटांनी काढला. मग हौसेनं ओंजळभर शेंगदाण्याचं तेल चोळलं. केस म्हटले की तेल, एवढंच मला माहीत.

झुलालनं कपाळाला हात लावला. "आक्का, तेल काब्र लायं? तेलवर वेनी टिकस का? सरकी जाई बठ्ठी."

मग चुलीतली राख आणून आयाळीला चोळली, ओल्या फडक्यानं पुसून काढली, परत पाणी मारलं. केस ओले असले की पेड धरून राहतो, वाळले की निसटतो, असं झुलाल म्हणाला. म्हणून मी घाई केली. कानामागचे केस उचलले, तीन भाग केले, पिवळं सूत घेतलं आणि पहिला पेड टाकला. घोडीनं कान मागं केले, मग सैल सोडले. माझ्या छातीत इतका आनंद भरून आला की डोळ्यांत पाणी आलं. भावाच्या लग्नात मी कुणीतरी होते.

"थांब वं सुमन," मागून आवाज आला. ताईबाई फुई. "हात नको चालवू."

मी पेड धरून तशीच थांबले. फुई पदर सावरत पुढं आली. ती वाईट बाई नाही, हे आधीच सांगते. तिला फक्त सगळं रीतीप्रमाणं लागतं, आणि रीत मोडली तर घरावर काय येईल याची तिला खरंच भीती वाटते.

"या वेनीले सवासनीना हात लागना पाहिजे," ती म्हणाली. "तू सवासीन शे का?"

"नही शे का?" मी विचारलं.

"माले काय इचारस? तूच सांग."

बायका जमल्या. एक म्हणाली, मामाकडच्या प्रमिलाला बोलवा, ती सवाष्ण आहे. दुसरी म्हणाली, प्रमिला सख्खी कुठंय? तिसरीचं म्हणणं, सुमननं नुसते पेड टाकावेत आणि गाठ प्रमिलानं मारावी. मग साडी कुणाला? अर्धी अर्धी फाडायची का? प्रमिला म्हणाली, मला घोडीची भीती वाटते, मी जवळ जाणार नाही. काथ्याकूट वाढत चालला आणि पेड माझ्या बोटांत वाळत चालला. कुणीही माझ्याशी बोलत नव्हतं, सगळ्या माझ्याबद्दल बोलत होत्या. मला वाटलं, इथं मी आणि घोडी, दोघींना सारखंच धरून उभं केलंय.

शेवटी नानांना बोलावलं. नाना फेटा बांधायचा अर्धा सोडून आले, एक टोक खांद्यावर लोंबत होतं. सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ घोडीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"सुमन, इतला वरीस आम्ही तुले काही इचारं नही," ते म्हणाले. "आज तू सांग. तू जिता म्हनशी तं जिता, मेला म्हनशी तं मेला. बठ्ठा मानतीन. पन एकदाव सांगं का मंग फिरानं नही."

ऐकायला किती चांगलं वाटतं! इतकी वर्षं त्यांनी ठरवलं, सासूबाईंनी ठरवलं, घाटानं आणि देवासच्या स्टँडनं ठरवलं, आणि आज घोडीच्या पायाशी उभं करून म्हणे तू ठरव. नानांनी पुढचंही सांगितलं, सगळ्यांसमोर. जिता म्हटलंस तर तू सवाष्ण, वेणी घाल, साडी घे. पण मग पाटाची गोष्ट बंद, जिचा नवरा जिवंत तिचा पाट लावायला आम्ही काय येडे आहोत? आणि मेला म्हटलंस तर पुढच्या महिन्यात निंबाकडे जाशील, पण आज वेणीला हात लावायचा नाही, मांडवात आत बसायचं.

निंबा लिंबाखाली बँडवाल्यांच्या शेजारी बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो हातातल्या टोपीची घडी उलगडत होता आणि परत घालत होता.

माय माझ्या मागं येऊन उभी राहिली. ती माणसांत कधी बोलत नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "मरी गया म्हन, पोरी. भाऊनं लगीन एक दिननं शे. तुले जनमभर जगनं शे."

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून मगनचं हळदीनं पिवळं तोंड दिसलं. "आक्का," तो कुजबुजला, "जिता म्हन. मनी वेनी तूच घाल. आजना दिन जिता म्हन, सकाय मेला म्हनी दे!"

म्हणजे उद्या सकाळी माणूस मारायचा. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मायचं खरं होतं, मगनचंही खरं होतं, फुईचंसुद्धा तिच्या परीनं खरं होतं. खोटं कुणाचं असेल तर फक्त माझं, कारण मी काहीही म्हटलं तरी ते मला माहीत नसलेलंच असणार. मला अभिमनचा चेहरा आठवायचा होता. आठवला तो त्याचा शर्ट, डिझेलचा वास येणारा. चेहऱ्याच्या जागी कधी दाढीवाला कुणी यायचा, कधी काहीच नाही. मेलेल्या माणसाचा चेहरा असा पुसट होतो की जिवंत माणसाचा? हेही मला माहीत नव्हतं.

"आक्का, केस वाळी जातीन," झुलाल म्हणाला. त्या बिचाऱ्याला फक्त केसांची काळजी.

मी बोटांकडे बघितलं. पेड सुटायला आला होता. सोडला तर परत धरता येणार नव्हता.

"जिता शे," मी म्हणाले.

नानांनी मान हलवली आणि राहिलेला फेटा बांधायला आत गेले. फुईनं लगेच कुंकवाची कोयरी आणून माझं कपाळ भरलं, सगळ्यांसमोर, न घुटमळता, आणि हिरव्या बांगड्या चढवल्या. मायचा हात माझ्या पाठीवरून निघून गेला. मी लिंबाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. निंबानं टोपी डोक्यावर घातली होती. उठला मात्र नव्हता. कदाचित जेवूनच जायचं म्हणून बसला असेल. मला वाईट वाटलं, इतकं की मी झुलालवर उगाच खेकसले, पाणी मार म्हणून.

मग मी वेणी घातली. केस उचल, सूत घे, पेड टाक, ओढ, परत उचल. फार ओढलं तर घोडी मान झटकते, सैल सोडलं तर वेणी फुगते. घोडी शांत होती. शांत नव्हते ती मी. काय झालं कुणास ठाऊक, जिता शे म्हटल्यावर अभिमन खरोखरच माझ्यासाठी जिवंत झाला, आणि तो जिवंत झाल्याबरोबर मला त्याचा असा संताप आला की एक पेड मी जरा जास्तच ओढला. इतकी वर्षं तो घाटात जळाला असेल म्हणून मी त्याच्यावर चिडलेच नव्हते. मेलेल्यावर काय चिडायचं? पण जिवंत असेल तर हा माणूस देवासला स्टँडवर उभा राहून चहा पीत असेल, कुणी हाक मारली तर वळून बघत असेल आणि निघून जात असेल, आणि इथं मी अर्धं कुंकू लावून बसलेय! जिवंत असशील तर तोंड काळं कर, असं मी घोडीच्या कानाजवळ म्हणाले. घोडीला वाटलं असेल मी तिलाच म्हणतेय.

वेणी छान जमली. खांद्यापाशी आणून गाठ मारली, पिवळ्या सुताचा गोंडा सोडला. फुईनं जवळ येऊन बोट फिरवून बघितलं आणि नाइलाजानं म्हणाली, बरी झालीय. मगन बाहेर आला, डोक्याला बाशिंग, कमरेला कट्यार. मला जांभळ्या रंगाची साडी दिली आणि माझ्या पायांवर वाकताना बाशिंग माझ्या गुडघ्याला अडकलं. दोघंही रडलो. मला हवं होतं ते मिळालं होतं. मग रडू कशाचं येत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. मगन रिकिबीत पाय ठेवून वर चढला. बँडवाल्यांनी बिड्या विझवल्या आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

"थांबा," नाना म्हणाले. "लगाम कोन धरी?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं आमच्या घरात कुणा मुलाचं लग्न नव्हतं, म्हणून हे सगळेच विसरले होते. वेणी बहिणीची आणि लगाम तिच्या नवऱ्याचा. जावयानं मारुतीपर्यंत घोडी धरून न्यायची, घोडीवाल्यानं मागून चालायचं. वडिलांच्या लग्नात फुईच्या यजमानांनीच धरली होती.

"आते काय?" फुई म्हणाली. "जिता शे ना? मंग बलाव त्याले."

आता पुन्हा सुरू झालं. नानांनी स्वतः धरावं? नवरदेवाचा काका धरत नाही. झुलालनंच धरावं? मग रीत कशाला पाळली इतका वेळ? बँडवाल्यांतला एक शहाणा म्हणाला, जावयाचा फोटो असेल तर घोडीच्या गळ्यात बांधा. फुई त्याच्यावर धावली. फोटो मेलेल्याचा लावतात! मगन वर बसून बाशिंगाच्या मण्यांतून खाली बघत होता, घोडी पाय आपटत होती, आणि मी जांभळी साडी छातीशी धरून उभी होते. मी तोंड उघडून एक शब्द बोलले होते आणि त्या एका शब्दानं एका हातानं साडी दिली, दुसऱ्या हातानं बाकी सगळं काढून घेतलं. आणि ज्याला मी जिवंत केलं तो लगाम धरायलासुद्धा येणार नव्हता.

पुढं मी काय केलं ते सांगते, का केलं ते विचारू नका. मी साडी मायच्या हातात दिली. झुलालच्या हातातून लगाम घेतला. घोडीला मगनसकट चार पावलं चालवत लिंबाखाली नेलं. निंबा उठून उभा राहिला.

"धरा," मी म्हणाले.

"मी?"

"हां."

त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं, मग बांगड्यांकडे. "पन तुम्ही तं आते सांगं, जिता शे म्हनीसन."

"सांगं."

"मंग?"

"मंग काय?" मी म्हणाले. "घोडी उभी शे."

निंबानं डोकं खाजवलं. त्याला काहीच कळलेलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मलाही कळलेलं नव्हतं. पण त्यानं चपला झटकल्या आणि लगाम हातात घेतला, इतका जवळ की घोडीचं थोबाड त्याच्या खांद्यावर आलं. झुलाल मागून ओरडला, लांब धरा भाऊ, लांब. निंबानं हात सरकवला.

आणि मग आवाज फुटले. नाना म्हणाले, हे काय चाललंय? एक बाई म्हणाली, नवरा जिता आणि लगाम परक्याच्या हाती! दुसरी तोंडाला पदर लावून हसत होती. मायनं माझ्या साडीचा बोळा करून पोटाशी धरला होता. फुई तर कमरेवर हात ठेवून, मान हलवत, ओट्यावरून खाली उतरली. मला वाटलं, आता ही लगाम त्याच्या हातातून हिसकावणार, आणि मग मी काय करीन ते मला माहीत नाही.

तेवढ्यात रस्त्याला धूळ उठली. नवरीकडचा टेम्पो लिंबाजवळ येऊन थांबला. नवरीचे दोन काका आणि भाऊ उतरले, सगळ्यांना रामराम केला, नवरदेवाला घोडीवर बघून खूश झाले. आमच्याकडचे सगळे एकदम गप्प झाले. नाना हसून पुढं झाले. नवरीच्या थोरल्या काकानं वेणीचं कौतुक केलं, मग लगाम धरलेल्या निंबाकडे वळून सहज विचारलं, "हाई कोन शेतस?"

निंबा माझ्याकडे बघायला लागला, मी मातीकडे. मगननं वरून तोंड उघडलं आणि परत मिटलं. व्याह्यांच्या माणसांसमोर काय सांगणार? हा चोपड्याचा पाहुणा, आमच्या जिवंत जावयाच्या जागी उभा आहे, असं?

ताईबाई फुई पुढं झाली. डोक्यावरचा पदर नीट केला, गळा साफ केला.

"कोन म्हंजे?" ती म्हणाली. "आमना जवाई शे. सुमनना मालक."

आणि बँडवाल्यांकडे वळून एवढ्या जोरात ओरडली की घोडी दचकली. "वाजाडा रे! काय देखी राह्यनात?"

क्लॅरिनेट वाजायला लागलं. निंबा घोडी घेऊन निघाला, वेशीकडचा रस्ता त्याला ठाऊक नव्हता तरी. दोन पावलं गेल्यावर फुई त्याच्या शेजारी गेली, आणि कुठं वळायचं ते त्याला दाखवू लागली.